घराभोवतीच्या मोकळ्या जागेत काम काढण्यापूर्वी: नागपुरातील नव्या घरमालकांसाठी परवानगी आणि नियमांचे मार्गदर्शन

नागपुरात स्वतःचे घर झाले की वर्षा-दोन वर्षांत घरमालकाचे लक्ष आवाराकडे वळते. मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकला की पोर्चपुढे टिनशेड हवे असे वाटते, गाडी रस्त्यावर ठेवायला नको म्हणून बाजूच्या पट्टीत गॅरेज काढावेसे वाटते, कंपाउंड दोन फूट उंच करण्याचा विचार होतो, बोअर मारायची असते, गच्चीवर सावली हवी असते. ही कामे दिसायला लहान असतात, मिस्त्री चार दिवसांत सुरू करायला तयार असतो आणि अशा कामाला परवानगी लागत नाही, असे तो खात्रीने सांगतो. अनेकदा ते खरे नसते, आणि त्याचा भुर्दंड मिस्त्रीला नव्हे, घरमालकालाच भरावा लागतो.

याचे मूळ कारण एकच आहे. घराच्या चारही बाजूंची मोकळी जागा ही बांधकामानंतर उरलेली जागा नसून नकाशा मंजूर करताना मुद्दाम सोडायला लावलेली जागा आहे. नियमावलीत तिला सामासिक अंतर म्हणतात. शेजारच्या घराला हवा आणि उजेड मिळावा, पावसाचे पाणी वाहून जावे, आग लागल्यास माणसाला बाहेर पडता यावे आणि मदतीला येणाऱ्याला आत शिरता यावे, यासाठी ती असते. आवारातले जवळपास प्रत्येक काम याच जागेत येते. त्यामुळे ‘प्लॉट माझा आहे’ एवढे उत्तर पुरत नाही. त्या जागेत नेमके काय चालते, हे आधी पाहावे लागते.

कायद्याचा आधार महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ हा आहे. जमिनीवर, जमिनीच्या वरच्या बाजूला किंवा जमिनीखाली केलेले बांधकाम, तसेच इमारतीत किंवा तिच्या वापरात केलेला महत्त्वाचा बदल, हे सारे या अधिनियमाने ‘विकास’ या संज्ञेत घेतले आहे. म्हणून भूमिगत टाके आणि गच्चीवरील लोखंडी सांगाडा हे दोन्ही त्याच्या कक्षेत येतात. प्रत्यक्ष मापे मात्र एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीत सापडतात. डिसेंबर २०२० मध्ये मंजूर झालेली ही नियमावली मुंबई व काही वगळलेली क्षेत्रे सोडून राज्यभर लागू आहे आणि नागपूर तिच्यात येते. कार्यालयात आणि अभियंत्यांच्या बोलण्यात तिला यूडीसीपीआर म्हणतात.

पहिली पायरी: आपले कार्यालय कोणते

दुसऱ्या गावाहून नागपुरात येऊन घर घेणारा माणूस सर्वांत आधी इथेच गोंधळतो, कारण या शहरात परवानगी देणारे कार्यालय एकच नाही. शहराच्या मोठ्या भागासाठी नागपूर महानगरपालिकेचा नगररचना विभाग हे काम पाहतो. १९३६ च्या अधिनियमाने स्थापन झालेल्या नागपूर सुधार प्रन्यासच्या, म्हणजे नासुप्रच्या, योजनांतील भूखंडांचे व्यवहार वेगळे आहेत. तिथे भूखंड अनेकदा भाडेपट्ट्याचा असतो आणि भाडेपट्ट्याच्या अटी बांधकामाच्या नियमांखेरीज वेगळ्या पाळाव्या लागतात. शहराबाहेरच्या पट्ट्यात २०१७ पासून नागपूर महानगर प्रदेश विकास प्राधिकरण, म्हणजे एनएमआरडीए, हे नियोजन प्राधिकरण आहे, आणि विमानतळालगतच्या मिहान या औद्योगिक प्रकल्पाचा भाग त्याहून निराळा आहे. एनएमआरडीएच्या क्षेत्रात ग्रामपंचायतीने दिलेले ‘ना हरकत’ पत्र हातात असले तरी ती बांधकाम परवानगी ठरत नाही. शहरालगतच्या गावांत प्लॉट घेतलेल्यांनी हे विशेष ध्यानात ठेवावे.

ज्यांची घरे ‘५७२’ किंवा ‘१९००’ या आकड्यांनी ओळखल्या जाणाऱ्या लेआउटमध्ये आहेत, त्यांच्यासाठी आणखी एक गोष्ट महत्त्वाची आहे. शेतजमिनीवर मंजुरीविना पडलेली ही लेआउट महाराष्ट्र गुंठेवारी विकास अधिनियम, २००१ खाली नियमित करण्याची प्रक्रिया राबवली गेली आणि नागपुरात ते काम नासुप्रने केले. ज्याला सारे जण आरएल म्हणतात ते नियमितीकरणाचे पत्र, भरलेल्या डिमांडची, म्हणजे मागणी शुल्काची, पावती आणि पत्रासोबतचा नकाशा या तिन्ही गोष्टी फाइलमध्ये आहेत की नाही, हे आधी तपासावे. भूखंड नियमित झालेला नसेल तर शेडच्या परवानगीचा प्रश्न पुढचा आहे. आधी भूखंडाचा प्रश्न सोडवावा लागतो.

दुसरी पायरी: कागद आणि मोजणी

कार्यालय ठरल्यावर कागद जमवावेत. विक्रीपत्र, आखीव पत्रिका किंवा सातबारा, चालू वर्षाची मालमत्ता कर पावती आणि मूळ मंजूर नकाशा हे चार कागद प्रत्येक ठिकाणी लागतात. विक्रीपत्रातील मौजा, खसरा क्रमांक, पटवारी हलका आणि भूखंड क्रमांक हे आखीव पत्रिकेशी अक्षरशः जुळतात की नाही, ते पाहावे. एका आकड्याचा फरक असला तरी अर्ज परत येतो. जमीन नझूल, म्हणजे शहरातील सरकारी मालकीची, असेल तर पट्ट्याच्या अटी वाचाव्यात, कारण तिथे जिल्हाधिकारी कार्यालयाचा संबंध येतो.

या चारांत मूळ मंजूर नकाशा सर्वांत मोलाचा आहे आणि नेमका तोच बहुतेकांकडे नसतो. जुने घर विकत घेताना लोक विक्रीपत्र जपून घेतात आणि नकाशाची साधी झेरॉक्सदेखील मागत नाहीत. तो नसेल तर ज्या कार्यालयाने मंजुरी दिली तिथून प्रमाणित प्रत मागवावी. आधीच्या मालकाच्या नावाने प्रकरण असेल तर त्याचे नाव, मंजुरीचे वर्ष आणि असल्यास प्रकरण क्रमांक अर्जात लिहावा. त्या नकाशावर समोर, मागे आणि दोन्ही बाजूंना सोडलेली अंतरे मीटरमध्ये लिहिलेली असतात. तुमच्या घरासाठी तीच मापे धरून चालायचे आहे. शेजाऱ्याने काय केले, किंवा त्याच गल्लीत दुसरीकडे काय चालले, याला इथे काडीचाही आधार नाही.

नकाशा हातात आला की फीत घेऊन स्वतः मोजावे. घराच्या भिंतीपासून कंपाउंडपर्यंतचे अंतर चारही बाजूंनी निदान दोन-दोन ठिकाणी मोजून नकाशातील आकड्याशेजारी लिहावे, कारण भूखंड काटकोनी नसला तर एका टोकाला अंतर पुरते आणि दुसऱ्या टोकाला कमी पडते. फरक आढळला, किंवा शेजाऱ्याशी हद्दीबद्दल थोडीही कुरबुर असली, तर भूमी अभिलेख कार्यालयातून सरकारी मोजणी करून ‘क’ प्रत, म्हणजे मोजणीचा नकाशा, घ्यावी. मोजणीचे शुल्क आणि थांबण्याचा काळ दोन्ही खटकतात, पण बांधून झालेली भिंत दीड वीत शेजारच्या हद्दीत निघाली म्हणजे जो ताप होतो त्यापुढे ते काहीच नाही.

कोपऱ्याच्या किंवा मुख्य रस्त्यावरच्या भूखंडासाठी झोन दाखला आणि विकास योजनेचा भाग नकाशाही काढून घ्यावा. समोरचा रस्ता आज ज्या रुंदीचा दिसतो त्याहून विकास योजनेत तो रुंद दाखवलेला असेल, तर पुढचे अंतर आजच्या कंपाउंडपासून नव्हे, नियोजित रस्त्याच्या रेषेपासून धरले जाते.

तिसरी पायरी: काम कोणत्या प्रकारात मोडते

रंगरंगोटी, प्लास्टर, फरशी बदलणे, कौले किंवा पत्रे होते त्याच उंचीवर नव्याने बसवणे, पक्के बांधकाम नसलेली बाग करणे, अशा देखभालीच्या कामांना बांधकाम परवानगी लागत नाही. कुंड्या ठेवायला, वाफे करायला, मोकळ्या मातीत वेल चढवण्यासाठी दोरीचा मांडव घालायला कोणी अडवत नाही.

नवे छत, नवी भिंत, नवा खांब, नवा मजला किंवा जागेच्या वापरात बदल आला की परवानगीचा प्रश्न उभा राहतो. लोखंडी सांगाडा नटबोल्टने बसवला आहे आणि कधीही काढता येतो, म्हणून तो तात्पुरता, ही समजूत फार पसरलेली आहे. पण नियमांत तात्पुरते बांधकाम म्हणजे ठरावीक मुदतीपुरती परवानगी घेतलेले बांधकाम, जसे समारंभाचा मांडव किंवा पावसाळ्यापुरते गच्चीवरील आच्छादन. बाराही महिने उभे राहणारे शेड केवळ सांध्याच्या प्रकारामुळे तात्पुरते होत नाही.

कंपाउंडची भिंत

सर्वांत जास्त काढले जाणारे आणि सर्वांत जास्त चुकणारे काम हे आहे, म्हणून इथे जरा सविस्तर लिहितो. खास परवानगी नसेल तर कंपाउंडची भिंत समोरच्या रस्त्याच्या मध्यरेषेपासून १.५ मीटरपेक्षा, म्हणजे पाच फुटांहून किंचित कमी एवढ्या उंचीपेक्षा, उंच असता कामा नये. २.४ मीटरपर्यंत उंची चालू शकते, पण वरचे ०.९ मीटर आरपार दिसेल असे जाळीचे किंवा सळ्यांचे असावे लागते. म्हणजे दोन्ही बाबतींत भरीव भिंत दीड मीटरच. वरचे सारे उघडे.

उंची कुठून मोजायची, हे इथे कळीचे आहे. मिस्त्री आतल्या अंगणापासून मोजतो, नियम रस्त्याच्या मध्यापासून मोजतो. नागपुरात गेल्या काही वर्षांत सिमेंटचे रस्ते झाले आणि अनेक वस्त्यांत रस्ता वर आणि अंगण खाली अशी स्थिती आहे. समजा अंगण रस्त्याच्या मध्यापेक्षा एक फूट, म्हणजे सुमारे ३० सेंटिमीटर खाली आहे. तर आतून १.८ मीटर दिसणारी भिंत रस्त्याच्या मध्यापासून मोजल्यास १.५ मीटरच भरते आणि नियमात बसते. अंगण रस्त्यापेक्षा उंच असेल तर हिशेब उलटा होतो आणि आतून जेमतेम छातीएवढी वाटणारी भिंत नियमाबाहेर जाऊ शकते. लेव्हल पाइपमध्ये पाणी भरून रस्त्याच्या मध्यावरची पातळी खांबावर खडूने आखून घेतली आणि तिथून वर मोजले, तर हा वाद उरत नाही. हे काम अर्ध्या तासाचे आहे आणि ते स्वतः उभे राहून करून घ्यावे.

कोपऱ्याच्या भूखंडाला आणखी एक बंधन आहे. दोन रस्ते मिळतात त्या कोपऱ्यापासून दोन्ही बाजूंना १० मीटर लांबीपर्यंत भरीव भिंतीची उंची ०.७५ मीटर एवढीच ठेवावी लागते, आणि त्यावरचा भाग हवा असल्यास जाळीचा करावा लागतो, कारण वळणाऱ्या गाडीला पलीकडून येणारे मूल किंवा सायकल दिसली पाहिजे. हा नियम कागदावरचा म्हणून सोडून देऊ नये. आपल्या घरासमोरच्या वळणावर आपलीच माणसे सर्वांत जास्त वेळा वळतात.

फाटक पूर्ण आत उघडले पाहिजे. रस्त्यावर किंवा पायवाटेवर उघडणारे फाटक चालत नाही. आत गाडी उभी केल्यावर फाटक उघडायला जागा उरत नसेल तर सरकते फाटक करावे. फाटकासमोरचा रॅम्पही हद्दीच्या आतच उतरवावा. नालीवर सिमेंट ओतून केलेला रॅम्प हे अतिक्रमण असते, आणि त्याखाली नाली तुंबली की पहिले पाणी त्याच घरात शिरते. कोपऱ्यालगत लेआउटची मोकळी जागा असेल तर झाडे लावण्याच्या निमित्ताने ती तारेने वेढून घेऊ नये. ती जागा साऱ्या लेआउटची आहे.

माती कोणती आहे, हे नियमावली विचारत नाही, पण घरमालकाने विचारावे. शहराच्या कितीतरी भागांत काळी माती आहे. ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात हातभर भेगा पडेपर्यंत आकसते आणि फूट-दीड फूट पायावर उभी केलेली विटांची लांब भिंत दोन उन्हाळ्यांत फाटते. भिंत जड केल्याने हे थांबत नाही. काळ्या थराखालच्या मुरमापर्यंत खांबांचे खड्डे नेऊन, त्यांवर सळईचा बीम टाकून, त्या बीमवर भिंत घ्यावी आणि ठरावीक अंतरावर सांधा सोडावा. उताराच्या बाजूच्या भिंतीत तळाशी पाण्याला वाट ठेवावी. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडून नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी घुसले, तेव्हा पाण्याची वाट अडवलेली भिंत काय करते, हे शहराने पाहिले आहे. भूखंडाजवळून नाला जात असेल तर त्याच्या काठापासून सोडायचे अंतर नगररचना विभागाकडून लेखी घेतल्याशिवाय तिकडच्या बाजूला एक वीटही ठेवू नये.

पोर्च, शेड आणि गच्ची

खिडकीवरचा छज्जा किंवा पावसाचा आडोसा सामासिक जागेत सुमारे पाऊण मीटरपर्यंत बाहेर येऊ शकतो. त्यापुढे गेलेले छत, मग ते स्लॅबचे असो, पत्र्याचे असो की पॉलिकार्बोनेटचे, बांधकाम म्हणूनच पाहिले जाते. प्रवेशद्वारावरची कॅनोपी आणि गाडीसाठी पोर्च यांना नियमावलीत ठरावीक मापांत सवलत आहे, परंतु ते उघडे असले पाहिजेत. याच ठिकाणी बहुतेक प्रकरणे बिघडतात: पोर्च मंजूर होते, वर्षभराने धूळ येते म्हणून एका बाजूला पत्रा लागतो, मग पुढे शटर बसते आणि शेवटी ती खोली भाड्याने दिली जाते. मंजुरी उघड्या पोर्चची होती, खोलीची नव्हती, आणि तक्रार आली की सारे एकदमच अनधिकृत ठरते. भिंत पुढेमागे लागणारच असेल, तर पहिल्याच नकाशात खोली म्हणून दाखवावी आणि भूखंडावर मिळणाऱ्या एकूण बांधकामाच्या मर्यादेत, म्हणजे चटईक्षेत्रात, बसते का, ते तेव्हाच पाहावे.

शेडचा उतार आपल्याच अंगणात असावा. पत्र्यावरून कोसळणारे पाणी शेजाऱ्याच्या भिंतीवर पडू लागले की चांगले संबंध एका पावसाळ्यात बिघडतात. पन्हाळ लावून ते पाणी खाली आपल्या नालीपर्यंत किंवा शोषखड्ड्यापर्यंत न्यावे. वादळाचाही विचार करावा. एप्रिल-मे महिन्यांतल्या वावधानात पत्रे उडतात आणि उडालेला पत्रा कुणाच्या अंगावर जाईल, हे सांगता येत नाही, म्हणून सांगाड्याचे खांब फरशीवर नुसते ठोकू नयेत, जमिनीत काँक्रीटमध्ये रोवावेत.

गच्चीवरचे शेड हे वरच्या मजल्याची सुरुवात ठरू शकते, त्यामुळे ते परवानगीशिवाय कधीही करू नये. फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी गच्ची, तळमजल्याची मोकळी पट्टी आणि पार्किंग या सामाईक जागा आहेत, हे आधी मान्य करावे. नागपुरात बरीच संकुले महाराष्ट्र अपार्टमेंट मालकी अधिनियम, १९७० खाली नोंदलेली आहेत आणि घोषणापत्रात कोणती जागा सामाईक आहे, ते लिहिलेले असते. बिल्डरने तोंडी दिलेली बाग घोषणापत्रात नसेल तर ती तुमची नाही.

विजेच्या तारा

हे मी सर्वांत कळकळीने लिहितो आहे. २०१७ मध्ये नागपुरात घराजवळून गेलेल्या उच्चदाब वाहिनीमुळे मुलांचे जीव गेले, आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्याची स्वतःहून दखल घेतली. परवानगी मिळणे न मिळणे नंतरची गोष्ट. या अंतरात एक इंचही सूट घेऊ नये.

घराच्या वरून जाणारी वाहिनी लघुदाबाची किंवा मध्यमदाबाची असेल तर बांधकामाच्या सर्वांत उंच भागापासून तिचे उभे अंतर किमान २.५ मीटर आणि बाजूने जात असेल तर आडवे अंतर किमान १.२ मीटर असावे लागते. ११ केव्हीच्या वाहिनीसाठी उभे अंतर ३.७ मीटर आणि आडवे १.२ मीटर, तर ३३ केव्हीपर्यंत उभे ३.७ मीटर आणि आडवे २ मीटर धरावे. त्याहून मोठ्या दाबाला अंतर आणखी वाढत जाते. सर्वांत उंच भाग म्हणजे स्लॅब नव्हे. शेडचा कळस, पाण्याच्या टाकीचा स्टँड, कपडे वाळवण्याचा लोखंडी खांब, सारे त्यात आले. कोणती वाहिनी किती दाबाची, हे डोळ्यांनी ठरवू नये. महावितरणच्या विभागीय कार्यालयात अर्ज देऊन लेखी विचारावे. काम सुरू असताना मजूर वीस फुटी सळई उभी धरतो तेव्हा पुस्तकातील अंतर पुरत नाही, हेही कंत्राटदाराला आधी बजावून सांगावे.

झाडे आणि जमिनीखालची कामे

स्वतःच्या आवारातले, स्वतः लावलेले झाडही परवानगीशिवाय तोडता येत नाही. महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ नुसार वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागते, आणि महापालिका हद्दीत त्यासाठी उद्यान विभागाकडे अर्ज करावा लागतो. शेडसाठी कडुनिंब तोडण्यापूर्वी शेडचा आकार बदलता येतो का, ते पाहावे. नागपूरच्या उन्हात वाढलेल्या कडुनिंबाची सावली कोणताही पत्रा देत नाही. फरशी बसवताना बुंध्याभोवती मीटरभर माती मोकळी ठेवावी.

बोअर मारण्याबाबत सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये दिलेले निर्देश देशभर लागू आहेत. काम सुरू करण्याच्या किमान १५ दिवस आधी संबंधित कार्यालयाला लेखी कळवावे, खोदताना कुंपण आणि फलक लावावा, आणि केसिंगभोवती ०.५० बाय ०.५० मीटर मापाचा, ०.६० मीटर उंचीचा, त्यापैकी ०.३० मीटर जमिनीवर आणि तेवढाच खाली, असा काँक्रीटचा ओटा करावा. पाणी न लागलेली बोअर तशीच उघडी सोडणे हा गुन्हा समजावा. ती त्याच दिवशी मातीने किंवा मुरमाने तळापासून वरपर्यंत भरावी.

गडरलाइन, म्हणजे सांडपाण्याची वाहिनी, न पोहोचलेल्या लेआउटमध्ये सेप्टिक टँक लागतोच. त्यातून बाहेर पडणारे पाणी जमिनीत मुरवण्याचा खड्डा पिण्याच्या पाण्याच्या विहिरीपासून १८ मीटरांहून जवळ नसावा. स्वतःच्याच नव्हे, शेजाऱ्याच्या विहिरीपासून आणि बोअरपासूनही हे अंतर मोजावे. छोट्या प्लॉटवर १८ मीटर मिळत नाहीत, तेव्हा ‘चालतंय’ म्हणून पुढे न जाता अभियंत्याकडून दुसरी पद्धत सुचवून घ्यावी.

५०० चौरस मीटर व त्याहून मोठ्या भूखंडावर पर्जन्यजल पुनर्भरणाची सोय बंधनकारक आहे. लहान भूखंडाला सक्ती नसली तरी सारे अंगण पेव्हरने झाकण्यापूर्वी एक शोषखड्डा करून घ्यावा.

अर्ज कसा करावा

परवाना असलेला अभियंता किंवा वास्तुविशारद नेमावा. कामाचा पैसा देण्याआधी त्याचा नोंदणी क्रमांक मागावा आणि त्याने पूर्वी त्याच कार्यालयात प्रकरणे केली आहेत का, ते विचारावे. अर्ज, नकाशे आणि कागदपत्रे ऑनलाइन प्रणालीतून तोच भरतो, पण लॉगिनसाठी मोबाइल क्रमांक आणि ई-मेल घरमालकाचा स्वतःचा असावा, कारण त्रुटीचे पत्र त्यावरच येते आणि दलालाच्या क्रमांकावर आलेले पत्र तुमच्यापर्यंत महिनाभर पोहोचत नाही. नकाशात मूळ मंजूर बांधकाम आणि नवे काम वेगवेगळ्या रंगांत दाखवलेले असावे.

लहान भूखंडांसाठी नियमावलीने वाट सोपी केली आहे. १५० चौरस मीटरपर्यंतच्या, म्हणजे सुमारे १,६०० चौरस फुटांच्या भूखंडावर नियमांत बसणाऱ्या कमी जोखमीच्या बांधकामासाठी नकाशा सादर करून शुल्क भरल्याची पोच पुरेशी धरली जाते, आणि १५० ते ३०० चौरस मीटरच्या भूखंडासाठी तांत्रिक व्यक्तीच्या प्रमाणपत्रावर दहा दिवसांत परवानगी देण्याची तरतूद आहे. ही सवलत प्रक्रियेपुरती आहे. सामासिक अंतर आणि उंची तीच राहते, आणि चुकीचे प्रमाणपत्र दिले तर तांत्रिक व्यक्तीसह मालकही जबाबदार असतो.

इतर प्रकरणांत पूर्ण अर्जावर ६० दिवसांत निर्णय न आल्यास परवानगी मिळाली असे मानण्याची तरतूद अधिनियमात आहे, पण ती नियमांत तंतोतंत बसणाऱ्या कामालाच लागू पडते. त्रुटीचे पत्र अनुत्तरित ठेवून साठ दिवस मोजत बसू नये. अर्ज नामंजूर झाला तर आदेश कळल्यापासून ४० दिवसांत राज्य शासनाकडे अपील करता येते. मिळालेली परवानगी एक वर्ष चालते. पुढे दरवर्षी मुदतवाढ मागता येते, पण एकूण मुदतवाढ तीन वर्षांपलीकडे जात नाही.

काम सुरू असताना

मंजूर नकाशाची प्रत कामाच्या जागी ठेवावी आणि पाया आखताना अभियंत्याला बोलवावे, कारण जोते एकदा चुकले की पुढचे सारे चुकते. रेती, गिट्टी आणि विटा रस्त्यावर उतरवू नयेत. महापालिकेचे उपद्रव शोध पथक त्यासाठी दंड करते, आणि पावसात वाहून गेलेली रेती पुढच्या वळणावर नाली बुजवते. मलबा कोपऱ्यावरच्या रिकाम्या प्लॉटवर टाकण्याची सवय फार आहे. ती मोडावी आणि मलबा उचलण्याची जबाबदारी कंत्राटदाराच्या करारातच लिहून घ्यावी. मंजूर नकाशात न दाखवलेला बदल मध्येच सुचला तर काम थांबवून सुधारित नकाशा द्यावा.

काम संपल्यावर, परवानगीत तशी अट असेल तर, पूर्णत्वाचा दाखला सादर करून भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे बांधकाम वापरण्याची मंजुरी, घ्यावे. वाढीव बांधकामाला मालमत्ता कर लागला किंवा वीज मीटर मिळाले म्हणजे ते अधिकृत झाले, असे होत नाही.

काम आधीच झालेले असेल तर

जुने घर घेणाऱ्यांना हे फार वेळा भोगावे लागते: आधीच्या मालकाने मागे खोली काढलेली असते आणि नोटीस नव्या मालकाच्या नावाने येते. परवानगीविना बांधकाम करणाऱ्याला अधिनियमाच्या कलम ५२ खाली एक महिना ते तीन वर्षे कारावास आणि दोन ते पाच हजार रुपये दंड अशी शिक्षा सांगितलेली आहे, आणि कलम ५३ ची नोटीस बांधकाम काढून टाकण्यास सांगते. घाबरून नोटीस दाराआड ठेवणे सर्वांत घातक ठरते. नोटिशीतील मुदतीत कलम ४४ प्रमाणे बांधकाम कायम ठेवण्याच्या परवानगीसाठी अर्ज करता येतो, आणि त्या अर्जाचा निकाल लागेपर्यंत नोटिशीचा अंमल थांबतो. म्हणून नोटीस मिळालेल्या दिवसाची तारीख पाकिटावर लिहून ठेवावी, त्याच आठवड्यात अभियंत्याकडून मोजमाप करून घ्यावे आणि नियमांत बसणारा भाग कोणता व न बसणारा कोणता, याची स्पष्ट विभागणी नकाशावर करून घ्यावी. बसणारा भाग शुल्क भरून नियमित होऊ शकतो. न बसणारा भाग स्वतः काढून त्याची छायाचित्रे अर्जासोबत जोडली, तर उरलेल्या भागाचे प्रकरण पुढे सरकते.

घर अजून घ्यायचे असेल, तर इसार देण्यापूर्वी मंजूर नकाशा घेऊन आवारातून एकदा फिरावे, आणि नकाशात नसलेले जे काही उभे दिसेल त्याची यादी विक्री करारात लिहून त्याची जबाबदारी विक्रेत्यावर ठेवावी.